सैल हात

सोमवारी उद्यमनगरात कारखान्यांना सुट्टी.
लेथ थांबतो, सुतारमामा मोकळे होतात,
म्हणून आमचा वार सोमवार.
महादेवाचा त्यात काही संबंध नाही.

शाहूपुरीत, पिठाच्या गिरणीवर,
मेहरून बागवानच्या शिलाई वर्गात
आम्ही नऊजणी आणि एक मामा.
खालून जोंधळ्याचं पीठ जिन्यानं वर येतं
आणि नेमकं काळ्या लोकरीवर बसतं.
काळं विणायचं ते आपापल्या घरी.

कोल्हापुरात थंडी ती किती?
तिळगूळ संपेपर्यंत टिकते,
रंकाळ्याला एक चक्कर मारून निघून जाते.
नवरा विचारतो, कुणासाठी एवढं?
मी म्हणतो
(हो, म्हणतोच; आमच्याकडं बायका अशाच बोलतात)
टाके मोजतोय, मधे बोलू नको.

मामा टर्नर.
मेहरूनच्या सुईचं टोक बोथट झालं,
ती त्यांच्याकडं घेऊन गेली.
त्यांनी टोक काढून दिलं, आणि ह्या टोकानं
पुढं होतं काय, ते बघायला एका सोमवारी आले.
आता पायमोज्याची टाच वळवतात.
आमच्यातल्या एकीलाही ती अजून जमलेली नाही.

त्या वर्षी जयंती नाला उलटा फिरला.
मगदूमांच्या दुकानात तिसऱ्या फळीपर्यंत पाणी.
शटर उचललं तेव्हा लड्या
भिजलेल्या मांजरांसारख्या एकमेकींत शिरून बसलेल्या.
'न्या,' मगदूम म्हणाले, 'किलोवर.'
मग म्हणाले, 'तशाच न्या.'

टेम्पोनं आणल्या. रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतल्या.
चौथ्यांदा नाही, रिठे संपले.
लाल सगळा पांढऱ्यात उतरला.
कुंदा सासने म्हणाली, रंगपंचमीनंतरची बनियन.
गच्चीवर आठ दिवस वाळत होत्या,
तरी सुईवर घेतलं की बोटांना नदीचा वास यायचा.

ठरलं असं: चाळीस टाके, साठ ओळी,
नऊ नंबरची सुई, एक सुलट, एक उलट.
प्रत्येकीनं सहा चौकोन.
मामांचेही सहा.

जोडायच्या दिवशी मामांनी खिशातून व्हर्नियर काढला.
मेहरून : एकोणीस पूर्णांक चार.
कुंदा : वीस पूर्णांक एक.
मी : तेवीस.
'उसव,' म्हणाल्या सगळ्या.
उसवलं. परत विणलं. तेवीस.
परत उसवलं, दात आवळून विणलं,
साडेतेवीस.

सत्तावीस वर्षं एसटीच्या खिडकीत
सुट्टे पैसे मोजून घेतले, मोजून दिले.
एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही.
हाताचा घट्टपणा बहुतेक तिथंच जमा करून आलो.

मामांनी व्हर्नियर डबीत ठेवला.
'जॉब रिजेक्ट करायचा तर
मटेरियलच बदलायला लागंल,' म्हणाले.
मटेरियल म्हणजे मी.
माझे सहाही काठाला लावले.
तो काठ तेवढा पसरट,
चुण्या पडलेला.

मगदूमांना नेऊन दिलं.
तीस वर्षं लोकर विकली माणसानं,
घरात विणलेलं म्हणून एक कानटोपडंही नव्हतं.
आभार वगैरे मानले नाहीत.
गल्ल्यावर पसरलं, चष्मा लावला,
आणि एकेका चौकोनावर बोट ठेवत गेले :
'हा चारशे बारा. दुसरी फळी, डावीकडं.
हा दोनशे सहा, कंपनीनं बंद केला.
हा... हा कुठला?
हां, पांढराच की. असा झाला होय.'

माझ्या काठापाशी बोट थांबलं.
'हे कुणाचं?'
'माझं,' म्हटलं, 'हात सैल हाय माझा.'
मगदूमांनी काठ चिमटीत धरून ओढून बघितला,
सोडला, परत ओढला.
'सैल हाताचं गिऱ्हाईक बरं,' म्हणाले,
'लोकर जास्त लागती.'

आणि रिकाम्या फळीवरून
उरलेली एकच कोरडी लडी काढून
माझ्या पुढ्यात ठेवली.
पैसे घेतले. पूर्ण घेतले.
काळी होती.